सुधीरने हात जोडले नव्हते

सुधीर, तुझ्या मते मी हे आत्ता कोणालाच लिहीत नाहीये. माणूस गेला की संपला, मागे राहतात त्या फक्त आठवणी, असं तू म्हणायचास. माझ्या मते तू कुठेतरी आहेस आणि ऐकतोयस. चाळीस वर्षं आपण यावर भांडलो आणि तू भांडण अर्ध्यात सोडून गेलास. त्याचाही मला राग आहे. पण आज ते काढत नाही. तुला जाऊन महिना झाला. या महिन्यात आपल्या बिल्डिंगमध्ये तुझ्या नावावर जे खपवलं गेलं ते तुला सांगायचंय. आणि त्यात मी काय केलं, तेही.

लोक मला अजून विचारतात, "मंदाताई, तुमच्या भावाचा देवावरचा विश्वास कशाने उडाला हो?" त्यांना वाटतं, लहानपणी काहीतरी भयंकर घडलं असणार. काही घडलं नव्हतं. आईने तुला शाळेत असताना संध्याकाळी शुभं करोति म्हणायला बसवलं आणि तू म्हणालास, "आई, मला हे खरं वाटत नाही. तुला बरं वाटावं म्हणून म्हणू का?" आई म्हणाली, "नको मग." एवढंच. तुला पटलं नाही. लोकांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पडतो. त्यांना एखादी जखम हवी असते.

मला मात्र तुझ्यातला हा भाग नेहमी टोचायचा. मी रोज पूजा करणारी, गुरुवारी भजनाला बसणारी, तुझी मोठी बहीण. हे गेल्यावर मी भाईंदरला तुझ्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, तू चौथ्यावर, मी दुसऱ्यावर. मला वाटलं, आता जवळ आहे, हळूहळू वळवीन. दर वर्षी अष्टमीला मी अनवाणी उत्तन रस्त्यावरच्या देवीला चालत जायचे. पहिल्या वर्षी तू म्हणालास, "एकटी जाऊ नको, मी येतो." मुर्धा, राई, मोर्वा, असा सगळा रस्ता तू माझ्याबरोबर चाललास. तुझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या चपला. डांबर तापलं की म्हणायचास, "अक्का, देवीचं लक्ष नसेल तेव्हा दोन पावलं चपला घाल." मी चिडायचे. देवळापाशी पोचलो की तू बाहेर झाडाखाली बसायचास. तिथे फुलं विकणारी एक म्हातारी होती. तिने एकदा मला विचारलं, "ह्यो तुजा भाव हाय ना? देवीच्या पाया न्हाय पडत?"

मी काही बोलायच्या आत तू म्हणालास, "मावशी, मी चपला राखतो. कोणीतरी राखायला पाहिजेत ना."

तिला ते इतकं आवडलं, की तिने तुला झेंडूचं एक फूल फुकट दिलं. तू ते परत येईपर्यंत हातात धरून ठेवलंस. फेकलं नाहीस, देवालाही वाहिलं नाहीस. सहा वर्षं तू माझ्याबरोबर चाललास. एकदाही आत आला नाहीस, एकदाही मला जाऊ नको म्हणाला नाहीस. मी तुझ्यासाठी असं काय केलं, ते मी या महिन्यात बरंच आठवून पाहिलं. मला काही सापडलं नाही.

तुझं लिफ्टचं काम. मीरा रोडपासून भाईंदरपर्यंत जिथे जिथे नवी बिल्डिंग उभी राहिली तिथल्या लिफ्टच्या मशीनवर कोणीतरी आधी कुंकवाने स्वस्तिक काढायचं, मग तुला बोलवायचं. तू म्हणायचास, "हार घाला, नारळ फोडा, माझं काही म्हणणं नाही. आधी मला ग्रीस लावू द्या." आणि आपले महाडिकभाऊ, आपल्या सोसायटीच्या सत्संग मंडळाचे प्रमुख. एकदा लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे अडकले होते, हातात आरतीचं ताट. तू वर जाऊन हाताने लिफ्ट खाली घेतलीस, दार उघडलंस. घामाने भिजलेले महाडिक बाहेर येऊन म्हणाले, "सुधीर, तुला देवाने पाठवलं."

"नाही भाऊ, वॉचमनने पाठवलं," तू म्हणालास.

सगळे हसले. महाडिक हसले नाहीत. मला तेव्हाच समजायला हवं होतं. त्या माणसाला कोणी देवाच्या खात्यातून बाहेर राहिलेलं सहन होत नाही.

मग त्यांनी खाली पार्किंगमध्ये देऊळ बांधायला घेतलं, नेमकं मीटर रूमच्या दारासमोर. तू सोसायटीला पत्र दिलंस की देऊळ बांधा, पण चार फूट बाजूला, आग लागली तर ते दार पूर्ण उघडलं पाहिजे. पत्र मीटिंगमध्ये वाचलं गेलं आणि खाली ओरडाआरडा झाला. देवळाला विरोध, देवाला विरोध. तुझ्याशी बोलणं टाकलं अर्ध्या बिल्डिंगने. आणि मी? मी तुझ्या दारात येऊन म्हणाले, "तुला प्रत्येक ठिकाणी शहाणपणा करायलाच हवा का?" तू म्हणालास, "अक्का, तू पत्र वाचलंस का?" मी वाचलं नव्हतं. प्रतिष्ठापनेच्या दिवशी मी पहिल्या रांगेत टाळ वाजवत बसले होते. तुझ्या खिडकीकडे मी मुद्दाम बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू खाली आलास, देवळाच्या दिव्याची उघडी लोंबणारी वायर बघितलीस, आणि कोणाला न विचारता नवी वायर ओढून अर्थिंग करून दिलंस. आभार कोणीच मानले नाहीत. मीही नाही. ते देऊळ मात्र अजून त्याच जागी आहे आणि मीटर रूमचं दार अर्धंच उघडतं.

हे सगळं मी का उगाळतेय? कारण शोकसभेत यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही.

तुझी कावीळ उतरेना म्हणून तपासण्या केल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तीन महिन्यांत तू असा वाळलास की घड्याळ कोपरापर्यंत चढायला लागलं. शेवटचे दहा दिवस हॉस्पिटलमध्ये. तुझी शुभा सकाळी आणि रात्री, लेक मुक्ता कॉलेज सुटल्यावर, दुपारी मी. तू तोवर शुभाला कागद लिहून दिला होतास: भटजी नको, दहावा-तेरावा नको, अग्नी मुक्ताने द्यावा. मी तो कागद वाचला आणि पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. वाटलं, हा असाच जाणार. रिकाम्या हातांनी, कोणाचं नाव न घेता. माझा धाकटा भाऊ तिकडे कुठे एकटा भटकत राहील आणि त्याला ओळखणारं कोणी नसेल. तू हसशील. पण ती भीती खरी होती.

तर ऐक. मंगळवारी आरतीनंतर मी महाडिकभाऊंना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "एकदा हॉस्पिटलमध्ये येऊन जा. दुपारी या, तेव्हा मी एकटी असते. अंगारा लावून जा त्याला."

मीच बोलावलं त्यांना. शुभाला न सांगता, मुक्ताला न सांगता, आणि तुला तर नाहीच.

बुधवारी चार वाजता ते आले. पुडीत अंगारा, छोट्या बाटलीत तीर्थ. तू इंजेक्शनच्या गुंगीत होतास. त्यांनी तुझ्या कपाळाला अंगारा लावला, ओठांना तीर्थ लावलं, मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागले. शेजारच्या कॉटवरचे लोक उठून बसले. तू डोळे अर्धे उघडलेस. तुझा उजवा हात हळूहळू उचलला गेला आणि डाव्या हातावर आला. दोन्ही हात छातीवर, एकमेकांना लागलेले.

"जोडले!" महाडिक ओरडलेच. "ताई, बघा, हात जोडले!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं, हे मी मान्य करते. आणि सुधीर, माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणाला मला इतका आनंद झाला की मी तुझे पाय धरले. मला वाटलं, जिंकले.

महाडिक गेले. तुझे हात तसेच होते. मी वाकून बघितलं तर तू उजव्या हाताच्या नखांनी डाव्या मनगटावरची चिकटपट्टी ओढत होतास. सलाइनच्या सुईची. खालची कातडी लालभडक झाली होती.

"अक्का," तू म्हणालास, "हे खाजतंय गं. केव्हापासून काढतोय, निघत नाहीये."

मी नर्सला बोलावलं. तिने पट्टी बदलली, मलम लावलं. तू म्हणालास, "आता बरं वाटलं." मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "कपाळावर काय आहे?"

"काही नाही."

"अंगारा आहे?"

मी चादर सरळ करायला लागले.

"महाडिकांचा आवाज होता. तू बोलावलंस त्यांना?"

"नाही रे," मी म्हणाले. "आपणहून आले."

तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ. मग म्हणालास, "बरं. पूस ते." मी पदर ओला करून पुसलं. तू झोपलास. शुक्रवारी सकाळी गेलास. त्या मधल्या दिवसात तू शुद्धीवर आला नाहीस. म्हणजे तू माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य "पूस ते" हे आहे, आणि मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

तुला समजलं होतं ना? मग का नाही ओरडलास माझ्यावर? आयुष्यभर तू हेच केलंस. तुझ्या त्या समजूतदारपणाचा मला इतका संताप येतो की काय सांगू. एकदा तरी म्हणायचंस, अक्का, तू माझ्याशी वाईट वागलीस. मला ते घेऊन जगता तरी आलं असतं.

शुभाने कागदातलं सगळं पाळलं. मुक्ताने अग्नी दिला. मग सोसायटीने रविवारी खाली पार्किंगमध्ये, त्या देवळासमोरच शोकसभा ठेवली. खुर्च्या, तुझा फोटो, हार. महाडिकभाऊ उठले. म्हणाले, "सुधीरभाऊ जन्मभर देवाशी भांडले. पण देव दयाळू आहे. शेवटच्या घटकेला त्यांना सत्य समजलं. मी स्वतः तिथे होतो. स्तोत्र कानावर पडताच त्यांनी हात जोडले. मंदाताई साक्षीला आहेत."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. पाचव्या मजल्यावरच्या शहाबेन शेजारणीला म्हणाल्या, "चलो, आखिर में तो भगवान याद आए." शुभा तोंडाला पदर लावून रडायला लागली. आणि मुक्ता माझ्याकडे बघत होती. तुझ्यासारखीच, पापणी न हलवता.

मी मान खाली घातली.

मुक्ता उठली आणि जिन्याने वर निघून गेली.

मला त्या माणसांचा राग येतो, सुधीर. ज्यांच्या लिफ्ट तू दुरुस्त केल्यास, ज्यांच्या म्हाताऱ्यांना लाइट गेल्यावर खुर्चीत बसवून चार-चार मजले वर नेलंस. त्यांना तुझा चांगुलपणा तुझा म्हणून चालत नव्हता. तुझ्या तोंडी शरणागती घातली तेव्हा कुठे त्यांना तुझ्यासाठी रडता आलं. जिवंत होतास तोवर तुझं पत्र ऐकून घेतलं नाही. बोलता येईना तेव्हा तुझ्या हातांचा अर्थ लावला. पण त्यांच्यावर तरी किती चिडू? त्या हातांजवळ मी बसले होते. खरं काय ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं.

आठवड्याने मी वर गेले तर तुझा फोटो भिंतीवर नव्हता. शुभा म्हणाली, "मुक्ताने काढून कपाटात ठेवलाय. म्हणते, बाबा घाबरले. मला सगळं शिकवलं आणि स्वतः ऐन वेळी घाबरले. माझ्याशी खोटं बोलले इतकी वर्षं."

"आणि तू?" मी विचारलं.

शुभा म्हणाली, "अक्का, मला बरं वाटतं ते ऐकून. हे कधी मानायचे नाहीत म्हणून मीही कधी काही बोलले नाही. पण हात जोडले असतील तर आता कुठेतरी असतील ना ते? मी रोज रात्री तेवढंच मनात आणते आणि झोपते."

आता सांग, मी काय करायला हवं होतं? एकीला झोप लागतेय त्याच गोष्टीने दुसरीचा बाप तिच्यापासून तुटतोय. मी खाली घरी आले, देवासमोर बसले आणि त्याच्यावर चिडले. म्हणाले, तुला हे चालतं? तुझ्या नावाने माझ्या भावाला भित्रा ठरवलं, आणि तू तसाच हसत उभा.

गुरुवारच्या भजनाला एक नवीन बाई आली होती, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेली. ती महाडिकांना सांगत होती की तिचा नवरा देवाधर्माचं काही मानत नाही. महाडिक म्हणाले, "काळजी करू नका. आमचे सुधीरभाऊ त्याहून कट्टर. शेवटी माझे पाय धरले त्यांनी. म्हणाले, भाऊ, चुकलो."

मी टाळ खाली ठेवले.

"महाडिकभाऊ, हे खोटं आहे."

पेटी थांबली.

"मंदाताई, तुम्ही स्वतः होतात तिथे," ते म्हणाले.

"होते. म्हणूनच सांगते. पाय मी धरले होते, त्याचे. तो तुम्हाला एक शब्द बोलला नाही. आणि हातही जोडले नव्हते त्याने. सुईची पट्टी खाजत होती, ती काढत होता. तुम्ही गेल्यावर त्याने मला अंगारा पुसायला सांगितला आणि मी पुसला."

"मग इतके दिवस गप्प का होतात?"

"कारण तुम्हाला मीच बोलावलं होतं. मलाच ते हवं होतं."

ते हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, गेलेल्या माणसाचं चांगलंच होतंय यातून. एका नास्तिकासाठी तुम्ही देवासमोर उभं राहून वाद घालताय?"

"देवासमोर आहे म्हणूनच खोटं बोलवत नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज किती चढला होता ते मला नंतर कोणीतरी सांगितलं.

कोणीतरी म्हणालं, "ताई, बसा, पुढचं घेऊया." इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर गायले त्यातल्या एकीनेही मान वर केली नाही. मी निघाले. पुढच्या गुरुवारी मला कोणी बोलवायला आलं नाही. माझे टाळ कोणीतरी पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवून गेलं होतं.

भजनातून उठले त्या दिवशी तिथून मी थेट चौथ्या मजल्यावर गेले. शुभा आणि मुक्ता दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. मंगळवारी काय केलं, बुधवारी काय झालं, तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं.

शुभा म्हणाली, "तेवढंही ठेवलं नाहीत माझ्याकडे." आत गेली आणि दार लावून घेतलं. अजून ती माझ्याशी बोलत नाही. जिन्यात भेटली तर बाजूला होते.

मुक्ताने फक्त एक विचारलं. "बाबांनी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस?"

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"मला वाटतं, होतं."

तीही उठून गेली. दुसऱ्या दिवशी शहाबेन मला म्हणाल्या की वर फोटो परत लागलाय. मला दाखवायला कोणी बोलावलं नाही.

मी देव सोडलेला नाही, सुधीर. तुला तसं वाटत असेल तर चूक आहे. रोज दिवा लावते. देव आहे असंच मला वाटतं आणि तू चुकत होतास असंच वाटतं. पण माझ्या देवाला तुझ्या खाजणाऱ्या हातांची गरज पडावी इतका तो लहान नाही, हे मला साठीला आल्यावर, तुला गमावून समजलं. याची मला लाज वाटते.

काल दुपारी मुक्ताचा फोन आला. वरून खाली, दोन मजल्यांसाठी फोन. मी पदराला हात पुसत उचलला.

"आत्या, तुझा राग आलाय मला. खूप."

"माहीत आहे."

"तू देवाला सॉरी म्हटलंस?"

"म्हटलं."

"तुझं सोपं आहे," ती म्हणाली. "तुला माफ करायला तुझा देव आहे. बाबांच्या वतीने माफ करायला कोणीच नाहीये. मीच आहे फक्त. आणि मला अजून जमत नाहीये."

लहानपणापासून माफी मागायची म्हणजे देवासमोर बसायचं, एवढंच मला ठाऊक. ज्या घरात देव नाही तिथे हे सगळं ओझं एकोणीस वर्षांच्या पोरीने उचलायचं असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तू ते जन्मभर उचललंस, हेही नाही.

"नाही जमलं तरी चालेल," मी म्हणाले.

"नाही चालणार," ती म्हणाली. "मी विचार करतेय. तोपर्यंत वर येऊ नकोस."

"बरं."

तिने फोन ठेवला. मी आज वर गेले नाही. उद्याही जाणार नाही. ती बोलावेपर्यंत मी खालीच थांबणार आहे.